नायकांच्या मागे राहिलेल्यांच्या इतिहासकार: वत्सलाताई

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या विद्यापीठात मी पहिल्यांदा डॉ. वत्सलाताईंसमोर बसले, तेव्हा इटलीच्या सायकल-शर्यतींतल्या विजेत्यांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. ताईंनी शांतपणे विचारलं, "आणि यांना पाणी कोण आणून देत होतं?"

ताईंचं सारं संशोधन या प्रश्नावर उभं आहे. युद्धाने मोडलेल्या इटलीत शर्यत गावावरून गेली की माणसं हातातली कामं टाकून रस्त्यावर येत, आवडत्या विजेत्यावरून घराघरांत तट पडत. हे पुष्कळांनी लिहिलं आहे. पण नायकासाठी पाणी वाहणारे, समोरचा वारा अंगावर घेणारे जे साथीदार, ज्यांना तिथे ग्रेगारिओ म्हणतात, त्यांच्यासाठी ताईंनी उभी हयात वेचली. गंमत म्हणजे स्वतः ताईंना सायकल येत नाही. त्या आजही बसनेच ये-जा करतात.

माझ्या प्रबंधासाठी मी बेडफर्डला स्थायिक झालेल्या एन्झो नावाच्या वृद्ध ग्रेगारिओंची मुलाखत घेतली होती. भर शर्यतीत त्यांनी आपलं चाक काढून संघाच्या नायकाला दिलं होतं. मी लिहिलं, 'यांना शर्यत पूर्ण करता आली नाही.' ते वाचून एन्झो फार दुखावले आणि त्यांनी मुलाखत वापरायची परवानगी काढून घेतली. प्रबंधाचा कणाच गेला. मी सगळं सोडून पुण्याला परतायचं ठरवलं.

ताई मला घेऊन ट्रेनने बेडफर्डला गेल्या. एन्झोंच्या स्वयंपाकघरात त्या इटालियनमध्ये म्हणाल्या, "चूक माझी आहे. हे पान मी तपासलं होतं." खरं तर ते पान मी ताईंना न दाखवताच एन्झोंना पाठवलं होतं.

एन्झो म्हणाले, "लिहा, की मी स्वतःहून थांबलो."

ताईंनी ते वाक्य मला तिथेच लिहायला लावलं आणि एन्झोंना दोनदा वाचून दाखवलं. परवानगी मिळाली. परतताना मी माफी मागू लागले, तर म्हणाल्या, "अगं, आता नेक्स्ट चॅप्टरचं बघ."

आज मी स्वतः बर्मिंगहॅमला इतिहास शिकवते, आणि ताईंची विद्यार्थिनी म्हणून ओळख करून देताना माझी मान ताठ होते. पंच्याहत्तरीत पदार्पण करणाऱ्या ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी तोंड उघडलं नाही, म्हणून आज सर्वांसमक्ष लिहून देते: ताई, चूक माझी होती.