हंगेरी मास्तरांचा मार्च

हंगेरी मास्तरांना सावकाश चालताच येत नसे. बाजारात भाजीला निघाले तरी मिनिटाला एकशेवीस पावलं! पिशवीतली वांगीसुद्धा तालात हलायची. तरुणपणी फौजेच्या बँडात क्लॅरिनेट वाजवून ते आमच्या चिखल्याला खाणीत कामाला लागले. वर्दी गेली, चाल तेवढी राहिली. आणि तिच्यासोबत एका हंगेरियन लष्करी बँडचा मार्च आला, पहिल्या फुंकेपासून शेवटच्या ठोक्यापर्यंत तोंडपाठ. मार्चचं नाव मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. "हंगेरीचा आहे," एवढंच सांगायचे. मग आम्ही त्यांनाच हंगेरी करून टाकलं.

आमच्या खाणीत निवृत्त होणाऱ्याला फाटकापासून घरापर्यंत वाजतगाजत नेण्याची रीत आहे. गळ्यात हार, अंगावर गुलाल, मागे खाणीतल्याच गड्यांचा बँड, मास्तरांनीच शिकवलेला आणि तेच चालवत असलेला. मी नवा लागलो तेव्हा मास्तरांनी माझ्या गळ्यात साइड ड्रम अडकवला. त्या दिवसांत गोंदिया नुकतंच आमच्यातून फुटून वेगळा जिल्हा झालं होतं. आमचा मोठा ढोलवाला तिकडचा. त्याचा ठोका जरा मागे पडला की मास्तर ओरडायचे, "काहून बे, तुह्या जिल्ह्यात घड्याळ बी अलग आहे का?"

आणि तो मार्च! सूर रडवा आणि ताल नुसता उधळलेला. गंधार कोमल, पण प्रत्येक ओळीच्या पहिल्याच सुरावर असा घाव बसायचा की अंगावर काटा यायचा. पहिल्यांदा ऐकणारा बुचकळ्यात पडे. एकदा दारात उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलंच, "मास्तर, कोन मेलं जी? असं रडकं कायले वाजवता?"

"सूर रडते बाई, पाय नाई रडत," मास्तर म्हणाले. "तुह्या पायाकडं पाह्य ना!"

बाईचा पाय खरोखरच ताल धरून होता. ती लाजून आत पळाली.

सगळी गंमत शेवटी होती. तीच चाल एकाएकी रडव्या मायनरमधून हसऱ्या मेजरमध्ये जायची, कोमल गंधार शुद्ध व्हायचा. पाळी संपवून खाणीच्या लिफ्टच्या पिंजऱ्यातून वर आलं की डोळ्यांवर भसकन उजेड येतो, तसं वाटायचं. हे वळण निवृत्त माणसाच्या उंबऱ्यावरच आलं पाहिजे, हा मास्तरांचा हट्ट. "उंबऱ्यावर मेजर!" घर लांब असलं तर मधला तुकडा पुन्हा घ्यायचा, जवळ असलं तर गाळायचा. त्यासाठी ते आमच्याकडे तोंड करून उलटे चालायचे आणि खांद्यावरून घराचा अंदाज घ्यायचे.

एकदा गुडघा निकामी झालेला एक खाणकामगार निवृत्त झाला. त्याला चालवेना, म्हणून आम्ही आपसूक ताल संथ केला. मास्तर उसळलेच. "ताल कायले पाडून राहिले? पाऊल लहान करा!" मग तोच झपाटा आणि वीतभर पावलं! मिरवणूक मुंगीसारखी सरकत होती, पण तो माणूस मान ताठ ठेवून घरी पोचला. आज मास्तर नाहीत, आणि माझेही गुडघे कुरकुरतात. मी पाऊल लहान करतो.

मास्तरांच्या स्वतःच्या निवृत्तीची पाळी आली तेव्हा सगळ्यांपुढे एकच प्रश्न होता, आता वाजवून कोण घेणार? मास्तरांनी तो सोडवला आणि माझी झोप उडवली. "त्या दिवशी मी कशालेच हात लावनार नाई. हार घालून समोर चालीन. जलमभर हा मार्च आतून आयकला, एकदा भायेरून आयकू दे. वळनाचा इशारा तुह्या ड्रमनं देजो. उंबऱ्यावर मेजर. चुकला तं मी घरात पाय नाई ठेवनार!"

थट्टेतच म्हणाले, पण मी दुसऱ्याच दिवशी फाटकापासून त्यांच्या घरापर्यंतची पावलं मोजून आलो.

फाटकातून निघालो आणि मास्तरांवाचून बँड सैरावैरा धावू लागला. प्रेमच इतकं दाटलं होतं की कुणाला आवरेना! पुढे मास्तरांची ताठ पाठ दिसत होती आणि तिच्यावरचे खांदे तळमळत होते. पाण्याच्या टाकीपर्यंत त्यांनी कसंबसं सोसलं. मग गर्रकन वळले, हारासकट, आणि उलटे चालू लागले. लोक खो खो हसले. पण शब्दाचे पक्के! दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले, दटावायचे फक्त डोळ्यांनी. त्या डोळ्यांना घाबरून बँड तालावर आला.

घर जवळ येऊ लागलं. दारात मावशी, म्हणजे मास्तरांची बायको, पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आज मास्तरांनी खांद्यावरून एकदाही मागे पाहिलं नाही. उंबऱ्यावर नजर ठेवणं आता माझं काम होतं. अजून थोडं. अजून थोडं. आता! मी ड्रमवर काड्या उधळल्या, आणि सगळा बँड, तो गोंदियावालासुद्धा, एका दमात वळला. गंधार शुद्ध झाला.

मास्तर जागच्या जागी थांबले. त्यांची टाच उंबऱ्याला टेकली होती. डोळे भरून वाहत होते आणि पाय मात्र जागेवरच ताल देत होते.

मावशीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जलमभर तुमची पाठच पाह्यली. इकडं तोंड करा आता. घर आलं जी."

"मालूम आहे वं," मास्तर म्हणाले. "आयकू आलं."