मैनेमार्फत

आमच्या दवाखान्याचे टांगेवाले मामा डॉक्टरांशी घोडीमार्फत बोलत. थट्टा नाही करत मी. डॉक्टर बॅग घेऊन टांग्यात बसले आणि म्हणाले, "मामा, केडगावला चला," की मामा घोडीला सांगत, "मैने, सायबाला केडगावला जायचंय. पन तिकडं लई चिखल झालाय. माळानं नेऊ का, इचार त्यांना." मैना कान हलवी. डॉक्टर खाकरून म्हणत, "न्या माळानं." मग टांगा निघे. पायरीवर बसलेले पेशंट आपलं दुखणं विसरून खो खो हसत. मी तिथला कंपाउंडर. औषधाच्या खिडकीतून हा तमाशा रोज बघायचो, पण मला कधी हसू आलं नाही, कारण त्यामागचं सगळं मला ठाऊक होतं.

आधी असं नव्हतं. मामा डॉक्टरांपेक्षा वयानं मोठे, म्हणून डॉक्टरही त्यांना मामाच म्हणत. मामांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. तबेल्याला लागून पत्र्याची पडवी होती, तिथं ते राहत. भाकरीचा पहिला तुकडा मैनेला, दुसरा स्वतःला, असं त्यांचं जेवण चाले. टांग्यात चाबूक नव्हता. कुणी विचारलं तर म्हणत, "माझं ऐकती ती. चाबकाचं कशाला ऐकंल?" डॉक्टरही विधुर, मुलगा नोकरीसाठी बडोद्याला. संध्याकाळी नगर शहराबाहेरच्या व्हिजिट आटोपून दोघं परतत तेव्हा माळीवाडा वेशीपासून त्यांच्या गप्पा ऐकू येत. पाऊसपाणी, कुणाच्या सोयरिकी, कुठल्या विहिरीत कोण दिसतं, कशाकशावर बोलत देव जाणे! एवढा शिकलेला माणूस भुताच्या गोष्टी ऐकायला टांगा हळू चालवायला लावी.

मग डॉक्टरांना मोटारीचं वेड लागलं. मोटार आली तेव्हा मामा जत्रेला गावी गेले होते. जामखेडकडचं गाव, परतायला वेळ होता. तेवढ्यात डॉक्टरांनी मैना मिरजगावच्या एका आडत्याला विकून टाकली. वर मला म्हणाले, "मामा आले की तुम्ही सांगा हो. मला नाही जमायचं."

मामा आले ते हातात रेवड्यांची पुडी घेऊन, मैनेसाठी. सरळ तबेल्यात गेले आणि रिकाम्या दावणीपुढं उभे राहिले. मी पाठोपाठ जाऊन कसंबसं सांगितलं. त्यांनी घराकडं बघितलं. मग म्हणाले, "सायेब घरात हायेत?"

"आहेत."

"मंग तू का सांगतुयास?"

डॉक्टरांच्या खिडकीचा पडदा हलला, तो मलाही दिसला आणि त्यांनाही. रेवड्या गव्हाणीत ठेवून मामा आल्या पावली निघून गेले.

पुढं लढाई भडकली आणि पेट्रोल कुपनावर आलं. डॉक्टर म्हणून आम्हाला थोडं जास्त मिळे, पण खेडोपाडी हिंडायला ते कुठलं पुरतंय? टायर तर औषधालाही मिळेनात. मोटारीवर ताडपत्री पडली. डॉक्टरांनी काही दिवस भाड्याचे टांगे करून बघितले आणि मग मला म्हणाले, "कंपाउंडर, मामांना घेऊन या."

"तुम्हीच जा ना," मी म्हटलं.

"पेशंट आहेत हो."

पेशंट कसले आलेत! तोंड दाखवायची लाज वाटत होती. गेलो शेवटी मीच, त्यांच्या गावी. मामा भाच्याच्या शेतात ज्वारीची पाखरं राखत बसले होते. मला बघून उठले, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "भाचा चांगला हाय. पोटाला कमी न्हाई. पन दिसभर हितं पाखरांवर वरडायचं, दुसरं बोलनं न्हाई. मैना परत आना, मी येतो. पन मैनेचा चाकर म्हनून येईन. सायबाचा न्हाई." मला वाटलं, रागात माणूस बोलतो तसंच हे. कसलं काय! तो गडी बोलला तसा वागला.

डॉक्टरांनी आडत्याला पैसे मोजले आणि मिरजगावहून मैनेला मामांनी स्वतः आणलं. आडत्यानं तिला मालाच्या गाडीला जुंपलं होतं, छातीवरची कातडी सोलवटली होती. मामा माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "कपांडर, मानसाचं मलम घोडीला चालतं का?" मी अख्खी डबी दिली. आणि त्याच दिवसापासून डॉक्टरांशी मैनेमार्फत बोलणं सुरू झालं. माझ्याशी, पेशंटांशी, भाजीवालीशी सरळ बोलत. डॉक्टरांशी मात्र नाही म्हणजे नाही.

डॉक्टर एकदा भडकलेच. "मामा, मी तुमच्याशी बोलतोय!" यावर मामा शांतपणे म्हणाले, "मैने, सायेब तापलेत बग. गप चाल." एका दिवाळीला डॉक्टर स्वतः फराळाचं ताट घेऊन तबेल्यात गेले. मामा म्हणाले, "मैने, आपल्याला आज उपास हाय म्हनून सांग." दिवाळीत कसला आलाय उपास? डॉक्टरांनी ताट ओट्यावर ठेवलं आणि परत आले. ते आत एकटे जेवले, मामा पडवीत एकटे, आणि औषधांच्या वासात माझ्या खोलीत मी एकटा. सणाच्या दिवशी त्या आवारात माणसाचा आवाज म्हणून नव्हता. फार वाईट वाटलं मला.

बरं, राग म्हणावा तर तोही धड नाही. एखाद्या घरी पेशंट दगावला की डॉक्टर टांग्यात मान खाली घालून बसत. अशा वेळी मामा न सांगता मैनेला भिंगारकडच्या लांबच्या वाटेला घालत आणि सावकाश चालवत, डॉक्टरांचं मन ताळ्यावर येईपर्यंत. तेव्हा मैनेलाही काही सांगत नसत.

लढाई संपली. पेट्रोल हळूहळू मिळायला लागलं. एक दिवस मिस्त्री आला, त्यानं ताडपत्री ओढली आणि मोटार दुरुस्तीला घेतली. मामा तबेल्यात मैनेला खरारा करत होते, ते करतच राहिले. दुपारी मला म्हणाले, "कपांडर, चालू हुईल का रं ती?" मी म्हटलं, "होईल असं दिसतंय." त्यांचा चेहरा बघवेना. त्या दिवशी त्यांची भाकरी तशीच राहिली.

डॉक्टर माझ्याकडे आलेच. "कंपाउंडर, मामांना जरा..."

"मी नाही सांगणार," मी ताडकन म्हटलं. "एकदा सांगितलं, पुरे झालं. नोकरीवरून काढायचं तर मला काढा."

चपला घालून डॉक्टर तबेल्याकडे निघाले. मी आवारातल्या आडापर्यंत गेलो मागोमाग, राहवलंच नाही. मामांनी वर बघितलं नाही. डॉक्टर मैनेच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले आणि तिलाच म्हणाले, "मैने, मामांना सांग. मोटार उद्यापासून निघतेय. पण तुला कुणाला विकायचं नाही. काम असो नसो, तुम्ही दोघांनी इथंच राहायचं. आणि सांग त्यांना, मागच्या खेपेला मी चुकलो. तोंडावर सांगायला भ्यालो मी."

मामांचा खरारा थांबला. मैनेला वळसा घालून ते डॉक्टरांसमोर आले.

"सायेब," ते म्हणाले, "येवढंच ऐकायचं हुतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिटलं एकदाचं, असं मला वाटलं. डॉक्टरांनाही वाटलं असणार, कारण ते हसून म्हणाले, "मग राहताय ना?"

"न्हाई सायेब. काम असतं तर ऱ्हायलो असतो. नुसतं दारात बसून रोज तुमची मोटार जाताना बगायची, ते मैनेला सोसायचं न्हाई."

"मैनेला की तुम्हाला?"

मामांनी हातातला खरारा खाली ठेवला. "मलाच, सायेब."

सकाळी ते निघाले. डॉक्टरांनी टांगा आणि मैना त्यांनाच देऊन टाकली. आम्ही दोघं वेशीपर्यंत चालत गेलो. मामा डॉक्टरांना म्हणाले, "जेवनाची आबाळ करू नका," आणि मला म्हणाले, "सायबाकडं बग रं." टांगा जामखेडच्या रस्त्याला लागला. डॉक्टर बराच वेळ तिथंच उभे होते.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर मोटार काढताना मला म्हणाले, "येता का बरोबर, कंपाउंडर? एकट्याला रस्ता खायला उठतो." मी जाऊन शेजारी बसलो. डॉक्टर एकदा खाकरले. मी पावसाचा विषय काढला, तो दोन वाक्यांत संपला. त्यांनी माझ्या गावाची चौकशी केली, तीही तेवढ्यातच आटोपली. एवढी वर्षं या माणसाच्या हाताखाली काढली, त्याच्या औषधांच्या पुड्या बांधल्या, त्याची वेळीअवेळीची पावलं ओळखत आलो. पण त्याच्याशी बोलायचं कसं, हे मला माहीतच नव्हतं.