‘करून राहिली’ म्हणजे काय राहिलं?

गेल्या महिन्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी गोंदियाच्या आमच्या लॅबमध्ये येऊन कॉम्प्युटर उघडला आणि पहिलाच मेल वाचून उडालोच... प्रतीक्षा नापास!

मी एका पॅथॉलॉजी लॅबचा इथला ब्रँच मॅनेजर. हेड ऑफिस पुण्याला. रिसेप्शनसाठी माणूस हवं होतं आणि अर्ज केलेल्यांत सौंदडची प्रतीक्षा होती. तिथल्या एका छोट्या लॅबमध्ये ती कामाला. ज्या टेस्ट तिथे होत नाहीत, त्यांचे सॅम्पल डब्यात घेऊन ती सकाळच्या गाडीने आमच्याकडे येते, रिपोर्ट घेऊन परत जाते. आजवर तिच्या हातून ना बाटली फुटली, ना कुणाचं नाव चुकलं.

आता ती छोटी लॅब बंद होणार होती. घरात पगार तेवढा तिचाच. ही नोकरी तिला मिळावी असं मला मनापासून वाटत होतं, पण निवड माझ्या हातात नव्हती.

हेड ऑफिसने यंदा मुलाखतीसाठी AI आणलाय. उमेदवाराला मशीनचा फोन येतो. ते गोड आवाजात मराठीत प्रश्न विचारतं आणि उत्तरं ऐकून आपणच शेरा लिहितं. वशिला नाही, ओळखपाळख नाही, सगळ्यांना एकच न्याय, असं साहेबांचं म्हणणं. मलाही ते पटलं होतं. गंमत म्हणजे जाहिरातीत खाली बारीक ओळ होती, अर्ज AI कडून लिहून घेतलेला आढळल्यास बाद. म्हणजे पोरांनी वापरला तर लबाडी आणि आपण वापरला तर सिस्टीम!

असो. तर प्रतीक्षाच्या नावापुढे शेरा होता... ‘काम अपूर्ण ठेवण्याची सवय. रुग्णांना रिपोर्ट देणे राहून जाते, हे उमेदवार स्वतः मान्य करते.’

मी हादरलो. खरं सांगतो, क्षणभर मलाही शंका आली. पोरगी आपल्यासमोर एक आणि तिकडे भलतंच करते की काय? राहवेना, म्हणून रेकॉर्डिंग मागवलं आणि कानाला लावलं.

तिचाच आवाज, थोडा घाबरलेला. “मी तिथं दोन वर्षापासून काम करून राहिली जी. पेशंटले रिपोर्ट बी मीच देऊन राहिली.”

पुन्हा ऐकलं तेव्हा ट्यूब पेटली. आमच्याकडे ‘करून राहिली’ म्हणजे करतेय. जेवून राहिलो, येऊन राहिलो... सकाळी उठल्यापासून आम्ही काही ना काही करून राहिलेलोच असतो. मशीनने ‘राहिली’ ऐकलं आणि समजून घेतलं, राहून गेलं! पोरगी सांगतेय मी काम करते आणि हे लिहितंय हिचं काम राहतं. 

लगेच पुण्याच्या एचआर मॅडमना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, AI कुणाची बाजू घेत नाही, म्हणूनच तर आणलाय.” मी समजावतोय, त्यांचं पालुपद तेच. शेवटी माझा पारा चढला आणि तोंडातून निघालंच, “अहो मॅडम, मघापासून तुम्हाले तेच तर सांगून राहिलो न!”

 त्यांनी विचारलं, “सांगायचं काय राहिलंय, सर?”

मी कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने त्यांच्याही लक्षात आलं. हसल्या. पण एवढं मात्र केलं, प्रतीक्षाची मुलाखत पुन्हा घ्यायला मंजुरी आणली. आणि घेणार कोण? तेच मशीन!

दुसऱ्या दिवशी ती सॅम्पलचा डबा घेऊन आली. “काऊन नाही म्हणलं जी सर? माह्यं काही चुकलं का?” मी सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. तिने डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “मंग पुस्तकातल्यावानी बोलीन न, त्यात काय.”

आणि बोलली. प्रश्न तेच, उत्तरं तीच, फक्त ‘करून राहिली’च्या जागी ‘करत आहे’. नवा शेरा आला... ‘कामात उत्तम सातत्य. नियुक्तीसाठी शिफारस.’ खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला त्या शेऱ्याची भीतीच वाटली.

आता ती आमच्या रिसेप्शनवर असते. काल बिरसीचे एक आजोबा काउंटरवर आले, “रिपोर्ट कधी भेटन व पोरी?” ती म्हणाली, “बनून राहिला जी, बसा न.” आजोबा निवांत बाकावर जाऊन बसले.

मला मात्र चैन नाही. याआधी नापास झालेल्या कितीतरी पोरापोरींच्या नावापुढे ‘काम अपूर्ण’ हाच शेरा मी वाचलाय आणि ‘असतील तसे’ म्हणून सोडून दिलाय... ते बिचारे काय काय करून राहिले होते, कोणास ठाऊक! त्या सगळ्यांची रेकॉर्डिंग मी हेड ऑफिसकडे मागितली आहेत. अजून आलेली नाहीत.

मॅडम, ही पोस्ट वाचत असाल तर सांगतो... माझं मागायचं राहिलेलं नाही. मी मागून राहिलो!