सरपंचाची सही

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. माझ्याच हुशारीनं माझी बदली होता होता राहिली, त्याची ही गोष्ट!

मी वाटूरजवळच्या एका गावात मास्तर. चौथीच्या पोरांच्या डोक्यात ग्रामपंचायतीचा धडा काही केल्या जाईना. मग मी ढोलकीच्या ठेक्यावर गाणं रचलं: ‘गावचा कारभार सरपंच करी, सरपंचाची सही सरपंचच करी!’ वर एक व्हिडिओही बनवला. मध्येच प्रश्न येतो, वर्गातल्या टचस्क्रीन टीव्हीवर बोट लावून उत्तर द्यायचं. बरोबर आलं की टाळ्या, चुकलं की गाढव ओरडतं.

पोरं गाणं म्हणत गावभर फिरली. आता आमच्या सरपंच कांताबाई, पण सह्या करतात त्यांचे यजमान, आबा. हे अख्ख्या गावाला माहीत. मलाही माहीत! पण यमक जुळलं की मला पुढचं काही दिसतच नाही, त्याला काय करू?

दुसऱ्या दिवशी आबा वर्गात हजर. मागे कांताबाई.

"गुरुजी, माझी टिंगल करून राह्यलात का?"

"छे हो आबा! अभ्यास आहे तो. हे बघा." मी घाबरून व्हिडिओच लावला. नेमका तोच प्रश्न! ‘ग्रामपंचायतीच्या कागदावर सही कोण करतं?’ खाली तीन चित्रं: सरपंच, सरपंचाचा नवरा, शिपाई.

"आबा, दाबा की!" पोरं ओरडली.

आबा सरळ माणूस. रोज जे करतात तेच दाबलं. गाढव असं ओरडलं, पोरं हसून हसून बाकाखाली!

"बिलकुल न्हाई चालणार! ह्यांची बदलीच करतो!" आबांनी तिथंच बाकावर बसून खिशातल्या ग्रामपंचायतीच्या कागदावर तक्रार खरडली आणि सवयीनं सहीला पेन टेकवलं.

कांताबाईंनी ते पेन काढून घेतलं. "थांबा. सही माझी लागती, अन् मी न्हाई करत. पोरं पहिल्यांदा शाळंतून घरी गाणं घेऊन आल्ती."

त्या माउलीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! त्याच भरात बोलून गेलो, "ताई, वाचवलंत! बाईची सही बाईनंच करावी!"

"बराबर," त्या म्हणाल्या. "मंग आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष तुमच्या मंडळी. दर ठरावावर सही तुमची कशी काय असती, गुरुजी?"

आबा एकदम खुलले. बाकावर जरा सरकले, शेजारी थाप मारली आणि म्हणाले, "या गुरुजी, बसा माझ्यापाशी."