कापसाच्या खोलीतली बाळंतीण

ऐंशीचं दशक संपता संपता मी लग्न होऊन भीमपूरजवळच्या गावात आले, तेव्हा सासरच्या कापसाच्या खोलीत आधीच एक जण मुक्कामाला होता. मांडीएवढा जाड अजगर! खाटेवर आडवा घातला असता तर निम्मा खाली लोंबला असता. सासऱ्यांनी त्याला हातभर असताना तुरीच्या वावरातून आणून, उंदीर चारून वाढवलेला. आमच्या माहेरी पाल दिसली तरी मी घर डोक्यावर घ्यायची.

त्या हिवाळ्यात तो बरेच दिवस नाल्याकडे गायब झाला आणि आपला आपण परतला. उन्हाळा लागला तसं त्यानं खाणं सोडलं. कोंबडी दिली, घूस दिली, ढुंकून पाहीना. मग कापसाच्या ढिगात शिरून, वेटोळं घालून थरथरू लागला. आमच्याकडे अंगात कापरं भरलं की निदान एकच.

"हिवताप हाय. आता काई वाचत नाई हा," सासरे रडवेले होऊन म्हणाले. दवाखान्यातल्या कडू गोळ्या त्यांनी मेलेल्या उंदराच्या तोंडात कोंबून त्याच्यापुढे ठेवल्या. मला ताप आला तेव्हा या गृहस्थांनी साधी चौकशी केली नव्हती! पण त्यांचा चेहरा पाहून मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरात साठवलेला कापूस कधी कधी आतून तापून पेट घेतो, म्हणून रोज ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहावं लागे. ते काम माझं. एके सकाळी त्याच्या बाजूनं जीव मुठीत धरून हात घातला, तर चांगलीच ऊब लागली.

"मामाजी, कापूस तापला!" मी ओरडले.

सासऱ्यांनी भराभर कापूस उपसला. वेटोळ्याच्या मधोमध पांढरी, एकमेकांना चिकटलेली मोठमोठी अंडी होती. ताप कसला नि काय, अंग थरथरवून ऊब देणं चाललं होतं.

"अवं, हे तं बाई हाय!" सासरे उपसलेला कापूस भराभर परत लोटू लागले.

सासूबाईंनी बाळंतिणीच्या खोलीला बांधतात तसा दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला आणि बाप्यांना आत जायची बंदी केली. सासऱ्यांनाही. ते दाराच्या फटीला डोळा लावून बसत. पिल्लं निघेपर्यंत ही उपाशी टिकेल का, या काळजीनं त्यांना घास गोड लागेना.

मध्येच कापूस न्यायला व्यापारी आला. डहाळा पाहून अंगणातच थबकला.

"बधाई हो! बहू को लडका हुआ या लडकी?"

मी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी!

"अभी टैम है," सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या. तो बिचारा माझ्या सपाट पोटाकडे बघत परत गेला. कापूस राहिला, ऊबही राहिली.

आषाढात अंडी फाटून इवली इवली तोंडं बाहेर आली. मला इतका आनंद झाला, की भीती कुठल्या कुठे गेली. पिल्लं आम्ही टोपलीत घालून नाल्याच्या झाडीत सोडून आलो. पण आई अजून खाईना. सासरे रोज घूस ठेवत, रोज उचलत.

आणि एका दुपारी ते बनियनवरच गल्लीत धावत सुटले. "जेवली! जेवली व माय!"

सासूबाई ओट्यावर बसून हसत होत्या, इतक्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"माह्यी पाच बाळंतपणं झाली," त्या मला म्हणाल्या, "ह्या मानसानं 'जेवली का' म्हणून एकडाव बी इचारलं नाई."