छागलीतलं कोमट पाणी

ओल्या कॅनव्हासचा वास आला की कोकणातला तो निर्जन किनारा आठवतो. रिटायर झालेल्या थोरल्या भावाला समुद्राच्या कडेकडेनं दिवसभर चालायचं होतं, म्हणून धुळ्यात गच्चीवर बसून आम्ही दोघांनी बेत आखला. मुक्कामाच्या घरच्या मावशी फोनवर म्हणाल्या, मे महिन्यात नका येऊ, उकाडा सोसणार नाही. भाऊ हसला. "आपलं धुयानं ऊन तिनी देखेल नही." तालीम म्हणून आम्ही भर दुपारी सोनगीरचा किल्ला चढलो, तेव्हा कोरडी लू लागून छागलीतलं, म्हणजे पाझरणाऱ्या कॅनव्हासच्या पिशवीतलं, पाणी माठासारखं गार झालं होतं. मग बाटल्यांऐवजी छागलच न्यायची ठरली. किनाऱ्यावर मात्र हवाच ओली. छागल नुसती ठिबकत राहिली, पाणी कोमटच. अर्ध्या वाटेतच भाऊ लालबुंद तोंडानं वाळूत बसला. "आठे घाम वाळत नही, भो," एवढंच म्हणाला. मी त्याला हाताला धरून कसंबसं परत आणलं. परवा त्याचा फोन आला, या मे महिन्यात पुन्हा जाऊ. खिडकीतल्या छागलीतलं गार पाणी पिऊन मी हो म्हणालो. गुडघे ठणकत होते, पण त्याला नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.