न सुटलेली नऊवारी

नातवासाठी मी मनातल्या मनात जी मुलगी पसंत केली होती, ती मुलगा निघाली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्या शहाणपणाबद्दल कुणाच्या फार अपेक्षा राहायच्या नाहीत.

मुलगी टीव्हीवरची होती. जपानात, इचिकावाच्या आमच्या घरात जेवण झालं की नातू ॲनिमे लावायचा आणि मी शेजारी बसून दुसऱ्या दिवशीची भाजी निवडायचे. माझं जपानी बाजारापुरतं: केवढ्याला, महाग आहे, अर्धा द्या. तेवढ्या भांडवलावर मी गोष्ट लावत असे. लांब केसांची, खाली मान घालून चालणारी, सगळ्यांचे डबे उचलणारी एक मुलगी मला आवडली होती.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "ही पोरगी गुणी आहे हो."

त्याने चित्र थांबवलं. "आजी, तो मुलगा आहे."

"आणि ती चष्मेवाली?"

"तो पण."

"मग ह्या शाळेत मुली कोण आहेत?"

"कुणीच नाही. मुलांची शाळा आहे. नाटकात काम करायला मुली नाहीत, म्हणून हे तिघं झाले." एवढं सांगून तो हसायला लागला. सोफ्यावर आडवा होऊन, पोट धरून हसला. स्वयंपाकघरातून सून हातातलं भांडं तसंच घेऊन बाहेर आली आणि दारात उभी राहून बघत राहिली, कारण एप्रिलपासून घरात कुणी तो आवाज ऐकला नव्हता.

तो पंधरा वर्षांचा आहे. माझा मुलगा त्याचा बाप, आई जपानी. आधीच्या शाळेत शेवटच्या वर्षी दोन महिने तो गेलाच नाही. कुणी मारलं नाही, कुणी काही बोललं नाही, फक्त एक दिवस जाणं बंद झालं. इथे ह्या प्रकाराला शब्द आहे, फुतोको, आणि आमच्या लहानपणी विषमज्वराचं नाव जसं दबक्या आवाजात घेत, तसं इथले आईबाप हे नाव घेतात. एप्रिलमध्ये नवी शाळा सुरू झाली, ती नुसत्या मुलांची. तो जायचा, पण लांबच्या गाडीत अनोळखी माणसांत बसल्यासारखा. सप्टेंबरमध्ये दोनदा असं झालं की सकाळी दारापाशी एक बूट घातला आणि दुसरा हातात धरून अर्धा तास तसाच बसला. सुनेने शाळेत फोन केला. मी आपली लसूण सोलत राहिले. अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही.

आणि मग ऑक्टोबरमध्ये त्याच्या वर्गाने शाळेच्या वार्षिक उत्सवासाठी नेमकं तेच ॲनिमे निवडलं. त्याचं अर्ध्या तासाचं नाटक करायचं ठरलं. आपण चिठ्ठ्या टाकतो तसं इथे फळ्यावर उभ्या-आडव्या रेघांची शिडी काढतात, तशी काढून कामं वाटली आणि माझी गुणी पोरगी माझ्या नातवाच्या वाट्याला आली.

हे त्याने सगळ्यांत आधी मला सांगितलं. घरात प्रश्न न विचारणारी मी एकटीच. त्याचं मराठी घरापुरतं, आणि शाळेचे प्रश्न विचारण्याइतकं जपानी मला येत नाही, हा भाग वेगळा.

"बाकीच्यांना बहिणींचे स्कर्ट मिळालेत," तो म्हणाला. "आईचे मला होत नाहीत. तुझी साडी देशील?"

आई त्याच्या खांद्याला लागते, तेव्हा ते खरंच होतं. मी "देते की" म्हटलं, आणि मग ते चित्र डोळ्यांसमोर आलं. हा ताडमाड उंच, जाड भुवयांचा, ओठावर मिसरूड फुटलेला, आधीच वर्गात वेगळा दिसणारा मुलगा साडी नेसून स्टेजवर जाणार. पोरं वाईट हसली, तर तो दुसरा बूट पुन्हा कधी पायात जायचा नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिला उपाय आला तो ताप. त्या कामाचा मला अनुभव आहे.

चाळीस वर्षांपूर्वी आम्ही योकोहामात होतो. ह्यांची बँकेची बदली, तीन वर्षांची. मुलगा दहा वर्षांचा, इथल्याच शाळेत. शाळेच्या नाटकात त्याला राणीच्या दासीचं काम मिळालं. दोन वाक्यं. माझी निळी ओढणी डोक्यावरून घेऊन तो घरभर सराव करायचा. तेव्हाची मी चौतीस वर्षांची एक फार मोठी विदुषी होते. आमच्याच इमारतीत तीन भारतीय बिऱ्हाडं होती. ती काय म्हणतील, त्यांच्या पत्रांतून मुंबईला काय पोचेल, सासूबाई काय समजतील, ही सगळी काळजी त्या बाईने एकटीने वाहिली. नाटकाच्या दिवशी सकाळी तिने शाळेत फोन करून मोडक्या जपानीत सांगितलं की मुलाला ताप आहे. मुलाला अंथरुणात घातलं. कपाळावर ओली घडी ठेवली. खोटं पूर्ण व्हायला हवं ना. दहाच्या सुमाराला मी त्या खोलीवरून गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून आपली दोन्ही वाक्यं म्हणत होता.

आणि गंमत अशी, की ही विदुषी स्वतः मुलींच्या शाळेत शिकलेली. पुण्याला संमेलनात मी सरदार झाले होते. स्वतःच्या वेणीचं टोक कापून डिंकाने मिशी चिकटवली होती, आणि कौतुक इतकं झालं की ती लावूनच घरी आले. वडील म्हणाले, "या सरदार, पानं वाढलीत." दुसऱ्या दिवशी मिशीबरोबर वरच्या ओठाची साल निघाली. तेव्हा कुणी माझ्या कपाळावर घडी ठेवली नाही.

उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी मी नातवाला हॉलमध्ये उभं करून नऊवारी नेसवून बघत होते. नऊवारी अशासाठी, की काष्टा घातला की माणूस पळू शकतो, आणि पळायची वेळ येईल असं मला वाटतच होतं. तेवढ्यात मुलगा ऑफिसातून आला. दारात थांबला. मी नजर वर केली नाही, निऱ्या मोजायला लागले.

त्याने बॅग खाली ठेवली. "आई, उद्या ह्याला ताप आणू नकोस."

चाळीस वर्षांत हा विषय त्याने एकदाही काढला नव्हता.

"तुला आठवतंय?" मी विचारलं.

"दोनच वाक्यं होती. विसरण्यासारखं काय आहे त्यात?" आणि तो जपानीत म्हणून मोकळा झाला: राणीसाहेब, पाऊस थांबला. छत्री मिटू का?

निम्मी नऊवारी नेसलेला नातू म्हणाला, "बाबा, दासी असं ताठ उभं राहून विचारेल का? थोडं वाकायला हवं."

बापाने वाकून पुन्हा म्हटलं. "आता बरोबर," नातू म्हणाला. बस, एवढंच. चाळीस वर्षं जे मी पोटात बाळगलं, ते ह्या दोघांनी दिग्दर्शनाचा प्रश्न म्हणून मिटवलं. मला हायसं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला.

नातू आत गेल्यावर मी मुलाला म्हटलं, "हसतील रे त्याला."

"नाटक विनोदी आहे, आई. हसायलाच हवेत."

"पण त्याला हसतायत की त्याच्या नाटकाला, ते कसं कळायचं?"

तो बॅग उचलून आत गेला. म्हणून मग मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं.

सकाळी शाळेच्या एका वर्गात बाकं बाजूला सारून मी त्याला तयार केलं. आत शाळेचा युनिफॉर्म होता. थंडीसाठी असेल म्हणून मी विचारलं नाही. वरून नऊवारी, घट्ट काष्टा, पदर खांद्यावर. मग पिना. निऱ्यांना, काष्ट्याला, पदराला, पदराच्या आतून पुन्हा. एकवीस. तरी मनाचं समाधान होईना, म्हणून सुईदोऱ्याने कंबरेला चार टाके घातले. स्टेजवर काहीही होवो, माझ्या नातवाचं वस्त्र जागचं हलणार नव्हतं.

सून शेजारी पिनांची डबी घेऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "आई, आमच्या किमोनोला एकही पिन नसते."

"म्हणूनच तुम्ही इतक्या हळू चालता," मी म्हटलं. ती हसली. तिने तेव्हा माझं ऐकायला नको होतं.

नाटक शाळेच्या जिममध्ये होतं. आम्ही चपला-बूट पिशवीत घेऊन, शाळेच्या घसरणाऱ्या सपाता घालून घडीच्या खुर्च्यांवर बसलो. तो स्टेजवर आला आणि सगळी जिम हसली. ते हसू कसलं होतं ते मला कळेना. त्याचे कान लाल झालेले मला आठव्या रांगेतून दिसत होते. वाक्यं तो बरोबर म्हणत होता, पण इतक्या हळू, की शेजारचा माणूस पुढे झुकून ऐकत होता.

मग शेवटचा प्रवेश. ॲनिमेचा शेवटचा भाग लागला तेव्हा मी सोफ्यावर झोपले होते. डोळे मिटलेले असले तरी मी बघतच असते, असं घरात मीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे मला शेवट माहीत आहे, साडी सुटेल अशीच नेसवली असणार, असं नातू धरून चालला होता. शेवटी असं होतं, की मुख्याध्यापक संशय घेतात, दोन मुलं त्या मुलीचं पांघरलेलं वस्त्र ओढतात, ती गरकन फिरते, वस्त्र उडून जातं आणि आत युनिफॉर्ममधला मुलगा उभा.

दोघांनी पदर ओढला. तो अर्धा फिरला आणि थांबला. त्यांनी जोर लावला. साडी आली नाही, नातू आला. तिसरा मुलगा मदतीला धावला, आणि चौघंही स्टेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरफटत गेले. सुनेने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. द्रौपदीची साडी संपली नव्हती, ही सुटतच नव्हती. तिथे कृष्णाने वस्त्रं पुरवली, इथे मी पिना.

जिम शांत झाली. नातवाने पडद्याच्या बाजूला पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. मी उठायला लागले. आता स्टेजवर जाऊन पिना काढायच्या, असा माझा विचार होता. मुलाने माझं मनगट धरलं. "बस," तो म्हणाला. 

मग नातू मुख्याध्यापकाकडे वळला. कापसाच्या भुवया लावलेलं ते पोरगं घामाघूम झालं होतं. घरात कधीही न ऐकलेल्या खणखणीत आवाजात नातू म्हणाला, आणि मुलाने ते माझ्या कानात मराठीत सांगितलं, "सर, हे माझ्या आजीने नेसवलंय. हे सुटणार नाही. मी मुलगा आहे, हे तुम्ही माझ्या शब्दावर मान्य करा."

सगळी जिम हशाने फुटली. मुख्याध्यापकाची एक भुवई गळून पडली. नातवाने ती उचलून अदबीने, दोन्ही हातांनी त्याला परत दिली, तशी मागच्या रांगेतली पोरं खुर्च्यांवरून खाली आली. आणि तेव्हा मला उत्तर मिळालं. तो बोलायला तोंड उघडायचा तेव्हा हसू थांबायचं, तो थांबला की पुन्हा सुरू व्हायचं. ते हसू त्याच्या हातात होतं. मी पिशवीतल्या बुटांवर तोंड टेकवून रडले. मुलाला वाटलं मी हसतेय. तोही हसत होता, पण डोळे पुसत.

नंतर वर्गात मी त्याला सोडवत बसले. चार-पाच पोरं तळहात पसरून भोवती उभी, मी काढलेली प्रत्येक पिन मोठ्याने मोजत. ती त्याला कसल्याशा टोपणनावाने हाका मारत होती. ते नाव मी घरात ऐकलं नव्हतं. कधी पडलं कुणास ठाऊक. टाके उसवायला कात्री मागितली तेव्हा एकाने काहीतरी विचारलं, नातवाने अर्थ सांगितला: आजींनी कुलूप नाही ना लावलं?

"आजी," नातू मराठीत हळूच म्हणाला, "शेवटच्या भागात तू झोपली होतीस ना?"

"डोळे मिटून बघत होते."

"हं," तो म्हणाला.

साडी खांद्याजवळ फाटली होती. ती पिशवीत घालून आम्ही तिघं घरी आलो. नातू पोरांबरोबर जेवायला गेला. ट्रेनमध्ये सुनेने पिनांची डबी माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

उत्सवाच्या बदल्यात सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी मी उठले तेव्हा घर शांत होतं. मी लसूण काढून सोलायला बसले. सुनेने माझ्यासमोर चहा ठेवला आणि ती म्हणाली, तो आधीच्या गाडीने गेला, स्टेशनवर कुणीतरी त्याची वाट बघत होतं.

आजीला न सांगता गेला, तेव्हा खरं म्हणजे मी रुसायला हवं होतं. मी तो चहा संपवला आणि आणखी एक कप मागितला.